साडेसात ते साडेआठ

किल्ली फिरवली आणि गाडी कण्हली. नेहमीसारखी चटकन सुरू झाली नाही आणि सरळ मेलीही नाही. थंडीत पांघरुणातून कुणी "ऊं" करावं तशी कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली आणि चौथ्या खेपेला कशीबशी धडधडली. चौथ्या. त्याने मोजलं होतं. मोजण्याची खोडच होती त्याला. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं काढलेला माणूस, मोटर पळायला लागेपर्यंत किती दम घेते हे मोजल्याशिवाय त्याला चैनच पडत नसे. मागच्या सीटवर बायको अजून मांडामांड करत होती. चार महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती पुढे बसेनाशी झाली होती. मागचं डावं दार उघडायचं, आधी बूड टेकायचं, मग सरकत सरकत पाय सीटवर आडवा करायचा, मग दार ओढून घ्यायचं, असा तिचा रोजचा सोहळा. तोवर समोर दाराचा तांबडा दिवा पेटलेलाच असायचा. रविवार सोडून रोज सकाळी सातला तिला व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवायचं, तासाभराने परत आणायचं. जायला दहा मिनिटं, यायला दहा. "आज पुन्हा?" ती म्हणाली. "पुन्हा म्हणजे काय पुन्हा? थंडी आहे," तो म्हणाला, "तूसुद्धा अंथरुणातून उठताना चारदा कण्हतेसच की." ती हसली, पण जरा उशिराने हसली, आणि आरशात त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

गेले तीन आठवडे हे असं चाललं होतं. रोज नाही, हीच तर रड होती. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची आणि तिसऱ्या दिवशी अंगात आल्यासारखी करायची. बुधवारी त्याने ती गॅरेजवाल्याकडे नेली. गॅरेजवाला तसा इमानी माणूस, पण घाईचा. बॅटरीला यंत्र लावलं, आकडा दाखवला, गाडी चालू ठेवून डायनॅमो तपासला, पुन्हा आकडा दाखवला, आणि हात पुसत म्हणाला, "काका, बॅटरी ठणठणीत. डायनॅमो ठणठणीत. दिवाबिवा राहत असेल बघा एखादा." काका म्हणून म्हणाला, प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्तच लागलं. आणि त्याच संध्याकाळी मुलाचा फोन. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, महिन्यातून दोनदा यायचा. त्याला गॅरेजची हकिगत कशी कळली कोण जाणे. "बाबा, बॅटरी चांगली, डायनॅमो चांगला," मुलगा म्हणाला, "मग उरलं काय?" मुलाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, उलट दोन शब्द सुनावता आले असते. "रविवारी मी येतो. एक गिऱ्हाईक आहे गाडीला. आईला न्यायला-आणायला रोज टॅक्सी ठरवू. तुम्ही नुसतं बघा तरी." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खुर्चीतच बसून राहिला. मग उरलं काय. साधा वजाबाकीचा प्रश्न, तिसरीतल्या पोराला सुटेल असा. उरलो मी, त्याने स्वतःला सांगितलं.

कारण एकदा दिवा राहिला होता, ते त्याला मान्यच होतं. ऑपरेशनच्या धावपळीत, दवाखान्यातून परतल्यावर, गाडीतला छताचा दिवा त्याच्याकडून चालू राहिला आणि सकाळी गाडी मढ्यासारखी गार. शेजाऱ्याच्या गाडीची तार लावून उठवावी लागली होती. ते एकदा. त्यानंतर त्याने छताच्या दिव्याचा खटका कायमचा बंदवर ढकलून ठेवला होता, दार उघडलं तरी तो पेटू नये म्हणून. आणि रोज गाडी लावली की समोरचे दिवे बंद, काचा वर, किल्ली बाहेर, हे सगळं तो न चुकता करत होता. करत होता ना? त्याला लख्ख आठवत होतं. खटका फिरवताना अंगठ्याला लागणारी ती बारीक खाच, किल्ली ओढताना होणारा आवाज. पण ही आठवण कालची की परवाची की गेल्या वर्षीची? इथेच सगळी गोम होती. हजार वेळा केलेल्या गोष्टीची आठवण हजारांची मिळून एकच असते, तिच्यावर तारीख नसते. काल दिवा बंद केला का, असं विचारलं की मन चटकन ती एकुलती एक आठवण काढून पुढे धरतं आणि म्हणतं, हे बघ, केला. आणि आपण विश्वास ठेवतो. ठेवू नये तर काय करावं?

पंपघरात एक उंच माणूस होता, सगळे त्याला उंट म्हणायचे. एकदा दुपारच्या पाळीला बदल होताना पाण्याच्या टाकीची मोठी झडप उघडी राहिली आणि खालच्या वस्तीत घरांमध्ये गुडघाभर पाणी शिरलं. चौकशी झाली. पाळी संपवून जाणारा हा होता, येणारा उंट होता. साहेबांनी विचारलं तेव्हा हा छातीठोकपणे म्हणाला होता, मी झडप बंद केली. खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच आठवत होतं, चाकाचा गारवा, तेविसावा फेरा, मग हाताला लागलेला तो घट्टपणा. उंटाला काहीच आठवत नव्हतं, किंवा तो बापडा प्रामाणिकपणे म्हणाला की साहेब, मला नक्की नाही सांगता येणार. ज्याला नक्की सांगता येत नाही त्याच्यावर बालंट. सहा महिने घरी बसवलं त्याला. परत आला तेव्हा पाठीतून जरा वाकलेला होता आणि याच्याशी पहिल्यासारखंच बोलायचा, तंबाखू मागायचा. एवढी वर्षं याला कधी शंका आली नव्हती. आता बुधवारच्या त्या संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या तो तेविसावा फेरा आठवायला गेला तर फेरा आला, गारवा आला, सगळं आलं, पण दुपार आली नाही. दिवस कुठला, ते काही येईना.

आणि वडील. वडील एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, संशयी माणूस, कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. आई म्हणायची, यांना यमाने नेलं तरी हे कडी लावलीय का बघायला परत येतील. सत्तरी गाठली तेव्हा वडिलांनी परत यायचं सोडलं. घरात सगळ्यांना वाटलं, चला, म्हातारा शांत झाला, सुंठीवाचून खोकला गेला. तो खोकला नव्हताच, हे दोन वर्षांनी कळलं. चष्मा साखरेच्या डब्यात ठेवून "मी ठेवलाच नाही" असं ते इतक्या ठामपणे सांगायचे की समोरच्याला स्वतःचीच शंका यावी. संशय गेला तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणजे ठाम असणं हेच लक्षण. त्याला आता गाडीच्या दिव्यांबद्दल खात्री होती, पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीचीच त्याला भीती वाटत होती. तो सत्तरीला दोन वर्षं कमी होता.

पण रडत बसणाऱ्यातला तो नव्हता. बिघाड झाला की पंपघरात पहिला प्रश्न एकच असायचा, शेवटचा हात कुणाचा लागला? तीन आठवड्यांत बदललं काय? त्याने डोकं खाजवून खाजवून आठवलं. टायरमध्ये हवा भरली. पुढची काच पुसायची पाती बदलली. मागच्या डाव्या दाराचं रबर नवं बसवलं, स्वतःच्या हाताने, कारण जुनं फाटलं होतं आणि बायकोच्या गुडघ्याला नेमका तिथूनच वारा लागायचा. जाड, चांगलं रबर आणलं होतं, दुकानदार म्हणाला होता, काका, दहा वर्षं बघायला नको. यातलं वीज खाणारं काहीच नव्हतं. शुक्रवारी गाडी पाच वेळा कण्हली. पाचव्या खेपेला बायकोने मागून इतक्या हळू आवाजात "होईल हो" म्हटलं की त्याला ओरडावंसं वाटलं, ओरड की माझ्यावर, म्हण की म्हाताऱ्या दिवे कोण विझवणार! तिला सोडून आणून झाल्यावर त्याने माळ्यावरून जुनं मीटर काढलं. निवृत्तीच्या दिवशी पंपघरातल्या पोरांनी दिलेलं, सुईचं नव्हे, आकडे दाखवणारं. बॅटरीची एक तार सोडवली, मधे मीटर घातलं. म्हणजे गाडी झोपलेली असताना बॅटरीतून जी काही वीज जाते ती मीटरमधूनच जाणार, चुकवून जाणार कुठे? शून्य पूर्णांक शून्य तीन. घड्याळापुरती. तो तासभर गाडीशेजारी स्टूल टाकून बसला. शून्य पूर्णांक शून्य तीन. गाडीत दोष असता तर त्याने दिवसाही वीज खाल्ली असती. गाडी निर्दोष होती. जे काही होत होतं ते संध्याकाळनंतर होत होतं आणि गाडीबाहेरचं कुणीतरी करत होतं.

जेवताना तो नुसती भाजी चिवडत होता. "डोकं दुखतंय का?" तिने विचारलं. "नाही." "मग?" "मग काही नाही. सगळ्याला मग असतंच का?" तिने त्याच्या पानात आणखी भात वाढला. भांडण टाळायची तिची ही जुनी रीत. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. या बाईला सांगावं का, की मी घाबरलोय? चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगून तिने काय करायचं? तिला तर गुडघा सांभाळायचाय. शिवाय, आणि हे त्याने स्वतःशी कबूल केलं, ती जर म्हणाली असती की मलाही तसंच वाटतंय, तर?

शनिवारी संध्याकाळी साडेसातला त्याने पुन्हा मीटर लावलं. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता, गिऱ्हाईक घेऊन. कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. उत्तर वाईट आलं तर ते आधी आपल्या एकट्यापाशी असावं, एवढीच इच्छा. बॉनेट वरवर टेकवून ठेवलं, मीटर काचेखाली असं ठेवलं की आकडा बाहेरून दिसावा. दिवे बंद, काचा वर, किल्ली बाहेर. मोठ्याने म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळला, इकडेतिकडे बघितलं. शून्य पूर्णांक शून्य तीन. मग घरात गेला. घर म्हणजे चार पायऱ्या चढून पहिलंच दार. स्वयंपाकघराची खिडकी गाड्यांच्या बरोबर वर. जेवले. आठला बायको काठी घेऊन बाहेर पडली. डॉक्टरीणबाईंनी रोज जेवणानंतर शंभर पावलं टाकायला सांगितली होती, म्हणून ती इमारतीभोवती फिरायची. ती बाहेर आणि तो भांड्यांपाशी, ऑपरेशननंतर भांडी त्याच्याकडे आली होती आणि गंमत म्हणजे त्याला आवडायला लागली होती. कढई घासली. कुकर घासला. ती परत आली, "आज गारठा आहे बाई," म्हणाली आणि आत टेकली. साडेआठला त्याने हात पुसले, कचऱ्याची पिशवी उचलली आणि खाली गेला.

शून्य पूर्णांक नऊ दोन.

त्याने टॉर्च मारला. पुन्हा वाचलं. नऊ दोन. म्हणजे तीसपटीहून जास्त. पिशवी हातातच होती. साडेसात ते साडेआठ, या एका तासात कुणीतरी इथे आलं होतं आणि काहीतरी चालू करून गेलं होतं. आणि गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने खिसा चाचपला. होती. तो भिंतीला टेकला. तास भरायला लागला, पंपघरात भरायचा तसा, मिनिटा-मिनिटाने. सात एकतीसला पायऱ्या. हात धुतले. पानं घेतली. जेवण आठपर्यंत. मग भांडी. कढई. कुकर. त्याच्या बाह्या अजून ओल्या होत्या, म्हणजे भांडी घासली हे खरं. पण सगळी बेरीज पंचावन्न मिनिटांची होत होती. पाच मिनिटं सापडेनात. कुकरनंतर काय केलं? खिडकीतून बाहेर बघत उभा होतो. नक्की? की खाली आलो? माणूस खाली येतो, दिवा लावतो, परत जातो आणि त्याला कळतच नाही, असं होतं का? वडिलांना होत होतं. वडील एकदा भर दुपारी पायरीवर बसून रडले होते, कारण त्यांच्या हातात दुधाचं भांडं होतं आणि ते कुठून आलं ते त्यांना सांगता येईना. त्याला भयंकर भीती वाटली. एवढी भीती त्याला आयुष्यात वाटली नव्हती, मोटरला आग लागली तेव्हाही नाही.

तार जोडून टाकावी, मीटर खिशात घालावं, वर जावं आणि उद्या मुलाला म्हणावं, घेऊन जा बाबा गाडी, मलाही कंटाळा आलाय. कुणालाही काही कळणार नव्हतं. हे त्याच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ उंट आला, वाकलेली पाठ घेऊन. नक्की नाही सांगता येणार साहेब, म्हणणारा. नाही, तो स्वतःला म्हणाला, आज नक्की करायचं. मीच असेन तर मीच. पण माहीत करून घ्यायचं, असं अंधारात चाचपडत जगायचं नाही. त्याने पिशवी खाली ठेवली, बॉनेट वर केलं, आणि फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. एकेक फ्यूज उपटायचा, आकडा बघायचा, परत बसवायचा. हॉर्नचा. नऊ दोन. रेडिओचा. नऊ दोन. पंख्याचा. नऊ दोन. बोटं गारठली होती पण थरथरत नव्हती, याचं त्याला बरं वाटलं. सहावा फ्यूज काढला आणि आकडा पडला. शून्य पूर्णांक शून्य दोन. आतल्या बारीक दिव्यांचा फ्यूज. पण छताचा दिवा तर त्याने कधीचाच बंद केलेला. त्याने टॉर्चने आत बघितलं, छत काळोखं. फ्यूज परत बसवला, टॉर्च विझवला आणि अंधारात गाडीभोवती चालायला लागला. उजवी बाजू. मागची बाजू. डावी बाजू भिंतीला लागून, दार जेमतेम उघडेल एवढीच फट. तिथे तो अंग चोरून शिरला, आणि खाली जमिनीवर त्याला पानाच्या पिचकारीएवढा तांबडा उजेड दिसला.

मागच्या डाव्या दाराच्या बुडाला एक इवलासा दिवा असतो. दार उघडलं की पेटतो, उतरणाऱ्याला जमीन दिसावी म्हणून. तो गाडीबरोबर आलेला होता, एवढ्या वर्षांत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. दार लागलेलं दिसत होतं. पण नव्हतं. पहिल्या खाचेत अडकून बसलं होतं, नव्या जाड रबरावर, अर्धं आत अर्धं बाहेर. गाडीच्या लेखी दार उघडं होतं, म्हणून ती सबंध जागी होती, कुणीतरी चढेल किंवा उतरेल म्हणून वाट बघत. त्याने कुल्ला दाराला लावला आणि रेटलं. खट्. तांबडा उजेड गेला. तो तसाच आडवा आडवा बाहेर आला आणि मीटर बघितलं. शून्य पूर्णांक शून्य तीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो हसला, एकटाच, मोठ्याने. मी नाही. मी या दाराला एरवी हातच लावत नाही. हे दार तर... हसू तिथेच थांबलं. तीन आठवडे. आजची साडेसात ते साडेआठ. शंभर पावलं.

"अहो," मागून बायको म्हणाली. ती पायरीवर काठी टेकून उभी होती, शाल न घेता. "कचरा टाकायला एवढा वेळ?" मग तिने उघडं बॉनेट बघितलं, तार बघितली.

"दुसरी किल्ली तुझ्याकडे असते?" त्याने विचारलं.

"ड्रॉवरमधली."

"रोज येतेस?"

"रोज," ती म्हणाली. "त्या पहिल्या वेळेपासून. दिवे बघते. किल्ली राहिली का बघते. पुढचं दार उघडताना त्या खांबाला आपटतं, म्हणून माझ्याच दारातून डोकं घालून बघते. पावलंही टाकते हं, पावलं चुकवत नाही." शेवटचं वाक्य तिने इतक्या घाईने म्हटलं की दुसऱ्या कुठल्या वेळी तो पोट धरून हसला असता.

"आणि दार हळू लावतेस."

"खिडकी वर आहे ना. तुम्हाला ऐकू आलं असतं." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हाला कळलं असतं की मी तुमच्या मागे बघून जाते. तुम्हाला काय वाटलं असतं?"

काय वाटलं असतं ते तो आता उभ्या उभ्या बघतच होता. चार महिने. तो कढई घासत गाणं गुणगुणत होता आणि बरोबर खाली ही बाई दुखरा गुडघा घेऊन त्या फटीत शिरत होती, त्याच्यामागे बघायला. त्याने तिच्या गुडघ्यासाठी रबर बसवलं नसतं तर हळू लावलेलं दारही लागलं असतं. तिने त्याच्यासाठी दार हळू लावलं नसतं तर रबराने काही बिघडलं नसतं. राग आला, नुसता रागच नव्हता तो, आणि त्याने फ्यूजच्या डबीचं झाकण उगाच दोनदा लावून बघितलं. "मग गाडी कुरकुरायला लागली तेव्हा बोलली का नाहीस? मी रोज जीव खातोय स्वतःचा."

"मला कुठे माहीत दाराचं? मला वाटायचं, मी बघून वर गेल्यावर तुम्ही पुन्हा खाली येता. झोपायच्या आधी वगैरे. आणि काहीतरी लावून ठेवता. आणि..." तिचा आवाज फाटला. "आणि तुम्हाला आठवत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं फोनवर. गॅरेजचं वगैरे. मी एकटी काय करणार होते हो?"

म्हणजे तीही त्याच भीतीत होती. एकाच घरात, एकाच ताटासमोर, दोघं तीन आठवडे तीच भीती चघळत बसले होते आणि भात वाढत होते. तो तिच्याजवळ गेला. पायरीवर. तिच्या दंडाला हात लावला तर गार. आता एकच विचारायचं राहिलं होतं, आणि ते न विचारता वर जाता आलं असतं. गाडी सापडली, तो सुटला, उद्या मुलाला ताठ मानेने सांगता आलं असतं. पंपघरातला साहेब असता तर इथेच फाईल बंद केली असती.

"तुला किती वेळा सापडलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"एवढ्या महिन्यांत. दिवा. किल्ली. काहीही. खरं सांग."

"जाऊ दे ना आता. दारच होतं ते."

"खरं सांग म्हणतो ना."

"दोनदा," ती म्हणाली. "एकदा समोरचे बारीक दिवे. एकदा किल्ली तशीच आत. दिवे मी बंद केले, किल्ली वर आणून ठेवली, आणि बोलले नाही."

दोनदा. त्याने मनात खोल जाऊन शोधलं, एखाद्या संध्याकाळी खटका न फिरवल्याची खूण, आणि त्याला फक्त तो अंगठा सापडला, ती खाच, रोजची, बिनचूक. शंभरावर संध्याकाळींत दोनदा. फार नाही. तरण्या माणसाकडूनही होतं. पण त्याला ती दोन्ही आठवत नव्हती, आणि विचारलं असतं तर तो शपथेवर म्हणाला असता, मी बंद केलं. साहेबांपुढे म्हणाला होता तसाच. उंटाची माफी मागायला आता उंट उरला नव्हता. त्याने तार जोडली, बॉनेट खाली केलं, मीटर तिच्या हातात दिलं, आणि तिचा दुसरा हात धरून चार पायऱ्या चढला. वर गेल्या गेल्या, बूटही न काढता, मुलाला फोन लावला.

"गिऱ्हाईकाला नको म्हणून सांग," तो म्हणाला. "गाडी ठीक आहे. मागचं दार नीट लागत नव्हतं, दिवा राहत होता, सापडलं." बायको समोर उभी, डोळे विस्फारून. दार कुणी लावलं ते त्याने सांगितलं नाही. "आणि ऐक. दोन वेळा माझ्याकडूनही राहिलंय. हो, खात्रीने. मला आठवत नाही, पण राहिलंय. डोक्याचे डॉक्टर असतात ना, विसरण्याचे, त्यांची वेळ घेऊन दे. पुढच्याच आठवड्यातली घे. नाही, तू यायला नको न्यायला. मी चालवत येईन, आई बरोबर असेल. डॉक्टर म्हणाले चालवू नका तर परत येताना तू चालव. तोवर मी चालवणार." पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा..." "बरं, ठेवतो," तो म्हणाला. फोन ठेवला आणि मग कुठे त्याने बूट काढले. भीती कमी झाली नव्हती. पण आता ती टेबलावर होती, दोघांच्या मधे, उजेडात.

"आणि तू," तो बायकोकडे वळला. "उद्यापासून बघायचं तर उघड बघायचं."

"नाही बघणार हो आता. चुकलं माझं."

"बघायचं म्हणतोय मी! रोज बघायचं. आणि दार आपटायचं. मला वर ऐकू आलं पाहिजे."

रविवारी मुलगा येऊन गेला, जेवला, दाराचं रबर दाबून बघितलं, डॉक्टरांची वेळ घेतल्याचं सांगितलं, आणि निघताना उगाच जास्त वेळ बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. संध्याकाळी गाडी काढून तो मुलाला बसथांब्यावर सोडून आला. आठला बायको काठी घेऊन खाली गेली. तो भांड्यांपाशी उभा राहिला, नळ बारीक करून. आणि खालून जे धाड् झालं म्हणता! समोरच्या गॅलरीतून कुणीतरी "काय पडलं?" म्हणून ओरडलं. एवढंही आपटायला सांगितलं नव्हतं, तो पुटपुटला. काठीचा आवाज पायऱ्यांवर आला. एक, दोन, तीन, चार. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय?" त्याने मागे न बघता विचारलं.

काठी फरशीवर उगाच इकडून तिकडे सरकली. तिला खोटं बोलावंसं वाटतंय, हे त्याला पाठीनेच कळलं.

"पुढची उजवी काच चार बोटं उघडी होती," ती म्हणाली.

त्याला लख्ख आठवत होतं, काच वर करायची मूठ, शेवटचा जड वळसा, तळहाताला बसलेला दाब. तो बोलायला तोंड उघडणार होता. उघडलं नाही. कढई पाण्याखाली धरून ठेवली, साबण निघून जाईपर्यंत.

"लावलीस?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही लावा. चला, मी येते."

त्याने नळ बंद केला, हात पुसले, आणि किल्ली घेऊन तिच्यामागे पायऱ्या उतरायला लागला.